स्कूटी पडली, भरपाई कुणी द्यायची?

आमच्या बचत गटातली एक जण मोतीबागेजवळ मैत्रिणीच्या स्कूटीवर शिकत होती. ब्रेक दाबायचा सोडून रेस पिळली आणि गाडी कठड्यावर! गुडघा सोलला, हेडलाइट फुटला. घरी ‘लागलं का?’ कुणी विचारलं नाही. ‘साडेतीन हजार कोण भरणार?’ एवढंच. शिकणं थांबलं, मैत्रीही आटली.

मैत्रिणींनो, थर्ड पार्टी विमा दुसऱ्याचं नुकसान भरतो. आपल्या गाडीसाठी फुल विमा लागतो. शिकाऊ लायसन्स आणि सोबत लायसन्सधारक शिकवणारी हवीच. चालवणाऱ्याकडे शिकाऊच लायसन्स होतं, एवढ्या सबबीवर विमा कंपनीला अपघातग्रस्ताची भरपाई टाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात सांगितलं. पण लायसन्सच नसेल, तर आपल्या गाडीच्या नुकसानीसाठी कंपनी हात वर करू शकते आणि अपघातग्रस्ताला दिलेली भरपाई गाडीमालकाकडून वसूल करू शकते.

मग विम्यात न बसणारा खर्च कुणाचा? मला वाटतं, फी घेऊन शिकवणाऱ्याने तो सोसावा. तो त्याच्या धंद्यातला धोका आहे. मैत्रिणीची गाडी असेल तर किल्ली हातात घेण्याआधीच निम्मं-निम्मं ठरवावं. त्यात कसला आलाय संकोच?

मुलगा पडला की ‘शिकतोय, पडणारच’ म्हणतो आपण. सुनेला तेवढी सूट का नाही? परवा ती भर उन्हात रिक्षाची वाट बघत उभी दिसली. येत्या बैठकीला मी दोघींनाही बोलावलंय. हिशेब मिटेल, शिकणं पुन्हा सुरू व्हायला हवं.