राखणदार कोठडीत, चोर शिवारात



१५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता लागली, २० नोव्हेंबरला मतदान झाले. ज्वारी दाण्यात, कपाशी बोंडात. रानडुकरांचा धुडगूस याच दिवसांत, आणि आमच्या बंदुका ठाण्यात जमा होतात त्याही याच दिवसांत!

निवडणूक शांततेत व्हावी, याला आमची ना नाही. पण बंदूक परत येते कशी? आमच्यातल्या एकाची आजोबांच्या वेळची विलायती दुनळी मालखान्यातून आली ती ओलसर गोणपाटात, नळ्यांना गंज, नळ्या सुट्या आणि घोडे पडलेले. या बंदुकीचे घोडे आत असतात. १८७५ साली बर्मिंगहॅमच्या अॅन्सन आणि डीली यांनी काढलेली ही रचना. बंदूक मोडली की नळीखालचे लाकूड आतल्या दांड्या दाबते आणि घोडे चढतात. घोडे पडलेले असताना नळ्या सोडवल्या, तर ठोकपिना पुढे आलेल्या राहतात, नळ्या परत बसत नाहीत. कुणीतरी त्या ठोकून बसवू पाहिल्या. पिन मोडली. भुर्दंड कुणाला? शेतकऱ्यालाच!

म्हणून जमा करण्याआधी एवढे करा. बंदूक रिकामी आहे ना, दोनदा पाहा. नळ्या पुसून तेलाचा हलका हात द्या. घोडे उतरवायचे तर नकली काडतुसांवरच, आणि मग बंदूक जोडलेलीच ठेवा. नळ्यांचे तोंड खाली असावे, नाहीतर तेल दस्त्याच्या लाकडात मुरते. सुटी बंदूक घोडे पडून परत आलीच, तर त्या दांड्या लाकडी ठोकळ्यावर टेकवून दाबल्या की घोडे चढतात. जमत नसेल तर कारागिराकडे न्या, हातोडा मारू नका.

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात पीकसंरक्षणाचा परवाना लिहिलेला आहे. ती कुणाची मेहेरबानी नव्हे. डुक्कर मारायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे लेखी परवानगी लागते, ती आम्ही मागतोच. परवानगी हातात आणि बंदूक कुलपात, याला कारभार म्हणायचे काय?

आमच्या मागण्या:
१. सरसकट जमा नको. प्रत्येक परवान्याचा निर्णय कारणासह लेखी द्या.
२. पावतीवर बंदुकीचा नंबर आणि अवस्था लिहा.
३. कोरडे कपाट द्या. नुकसान झाले तर भरपाई द्या.
४. निकालानंतर आठ दिवसांत बंदूक परत करा.

जिल्हा मेळाव्याला येताना जुन्या पावत्या घेऊन या. तोंडी तक्रार हवेत विरते, कागदाला उत्तर द्यावे लागते.