हातातील छापखाना आणि आपली जबाबदारी



ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या तोंड उघडण्याची मुभा नव्हती, त्यांच्या हाती मोबाइलच्या रूपाने आज एक छोटा छापखानाच आला आहे. १९२० साली ‘मूकनायक’ काढण्यास बाबासाहेबांना केवढे सायास पडले! आज आपल्या वस्तीतील एखादी मुलगी घटकाभरात आपले म्हणणे हजारो लोकांपुढे मांडू शकते. ही प्राप्ती लहान नव्हे. परंतु छापखान्याबरोबर संपादकाची जबाबदारीही आपणांवर येऊन पडली, हे किती जणांनी ओळखले आहे?

“मजकूर मी लिहिला नाही, फक्त पुढे पाठविला,” असा बचाव पुष्कळजण करतात. हा बचाव लंगडा आहे. महिला पत्रकारांची बदनामी करणारा मजकूर समाजमाध्यमावर पुढे पाठविल्याच्या एका प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट मत दिले, की मजकूर पुढे पाठविणे म्हणजे तो मान्य करून त्यास दुजोरा देणे होय. तेव्हा बोट दाबण्यापूर्वी, त्या मजकुराखाली आपण स्वतःची सही करण्यास तयार आहोत काय, हे प्रत्येकाने मनाशी विचारावे.

अशा बेजबाबदारपणाची किंमत कोण मोजतो? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. भिक्षेसाठी गावोगाव फिरणाऱ्या त्या गरिबांची बाजू ऐकून घेण्यासही कोणी थांबले नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविण्यास बंदी केली. पण पाच घरी पोचलेले असत्यही असत्यच असते. अफवेचा पहिला घाव नेहमी त्याच्यावर पडतो, ज्याच्या पाठीशी गावात कोणी नसते. हे आपणांस कोणी नव्याने सांगावयास नको.

आता आपल्याच दारात येणारी एक अफवा पाहा. “बौद्ध झालात की अनुसूचित जातीच्या सवलती बुडाल्या,” असे नवदीक्षित कुटुंबांना सांगितले जाते. हे धादांत खोटे आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९९० साली संसदेने दुरुस्ती केली आणि त्या जातींतून बौद्ध झालेल्यांचा त्यात समावेश केला. असल्या मजकुराला भिऊन एखाद्या कुटुंबाने जनगणनेत आपला धर्म लपविला, तर नुकसान कोणाचे होईल?

आणि समाजमाध्यमावर कोणी आपली किंवा आपल्या महापुरुषांची विटंबना केली तर? शिवीला शिवीने उत्तर देऊ नका. त्याने फिर्यादीचा आरोपी होतो. अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणारा १९८९ चा कायदा आपल्या बाजूस उभा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, या समाजांना आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा बिगर-अनुसूचित व्यक्तीने शब्दाने वा अन्य मार्गाने केलेला अनादरही त्याखाली गुन्हा ठरतो. समाजमाध्यमावरील जातिवाचक अपमानासही हा कायदा लागू होऊ शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले आहे.

मात्र न्यायालय संताप पाहत नाही, पुरावा पाहते. म्हणून मूळ मजकूर रागाच्या भरात पुसून टाकू नका. तारीख, वेळ, पाठविणाऱ्याचे खाते आणि मजकुराची लिंक जपा. ज्या मोबाइलवर तो आला, तो मोबाइलही जपा. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीच्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र लागते. त्यासाठी वेळीच वकिलाकडे जा.

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, असे तथागतांनी कालामांना बजावले होते. पंचशीलातील चौथे शील तर आपण प्रत्येक वंदनेत म्हणतो. ते विहारात म्हणावयाचे आणि घरी येऊन शहानिशा न करता मजकूर पुढे ढकलावयाचा, ही विसंगती आपण आजपासूनच टाकून दिली पाहिजे. मजकूर कोणी लिहिला, त्यास आधार काय आणि तो खोटा निघाल्यास कोणाचा घात होईल, हे तीन प्रश्न आपल्या मुलांना शिकवा. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत मजकूर आपल्यापाशीच थांबू द्या.