पाटी कोरीच का?

न्हावा शेवा बंदरातल्या प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरे आणि सात आकडे असतात. रिकामा डबासुद्धा जगात कुठेही ओळखता येतो. याच बंदराच्या पंचक्रोशीतल्या एका कब्रस्तानात माझ्या नानीची कबर आहे. दगडावर नानांचे नाव, खाली 'यांची पत्नी'. नानीचे नाव नाही.

मोगलकालीन कबरींवर पुरुषासाठी कलमदान आणि स्त्रीसाठी तख्ती, म्हणजे पाटी, कोरलेली दिसते. ताजमहालातही शाहजहानच्या कबरीवर कलमदान, मुमताजच्या कबरीवर तख्ती. याचा अर्थ सांगितला जातो तो असा : स्त्रीचे मन ही पाटी, लिहिणारा पुरुष. पण कुरआनातली पहिली आज्ञा वाचण्याची आहे आणि तिथेच अल्लाहने कलमाद्वारे माणसाला शिकवल्याचे सांगितले आहे. माणसाला, फक्त पुरुषाला नव्हे. मग ही वाटणी धर्माची कशी?

१६५७ साली वारलेल्या दिलरसबानू बेगमची कबर आपल्या महाराष्ट्रातच आहे. लोक तिला 'बीबी का मकबरा' म्हणतात. बीबीचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

अथेन्सच्या केरामेइकोस दफनभूमीत इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरचा एक संगमरवरी दगड सापडला. दासीने धरलेल्या पेटीतून दागिना उचललेली स्त्री त्यावर कोरली आहे. वर नाव आहे हेगेसो, मग बापाचे, प्रोक्सेनोस. त्या नगरीत स्त्रीला मताचा अधिकार नव्हता, तरी २४०० वर्षांनी आपण तिला नावाने ओळखतो. दासीला मात्र नाव नाही. कुणाचे नाव कोरायचे हे सत्ता ठरवते, तिथेही आणि इथेही.

कुणी म्हणेल, कबरीवर लिहिणेच हदीसने मना केले आहे. मान्य. मग पुरुषांचीही नावे पुसा. अथेन्सने इ.स.पू. ३१७ च्या सुमारास भपकेबाज स्मारकांवर बंदी घातली, तेव्हा ती पुरुषांना वगळून नव्हती. शिवाय पैगंबर साहेबांनी (स.) उस्मान बिन मजऊन यांच्या कबरीच्या उशाशी दगड ठेवला होता, तो ओळख राहावी म्हणूनच. ओळख हवी असेल तर ती नानीचीही हवी.

यंदा दगड बदलायचा आहे. मामू म्हणाले, "बाईचे नाव परक्यांनी वाचायचे?" मी विचारले, "खदीजा, आयेशा, फातिमा ही नावे आपण मिंबरावरून ऐकतो. ती कुणाची?"

मामू गप्प राहिले. दगडाचा खर्च मी देणार आहे. अट एकच : आधी नानीचे नाव.