बरोबर उत्तर काय?

आमच्या लातुरात सोयाबीनचा भाव, पावसाचा भरवसा आणि पोरांचे मार्क या तीन विषयांवर कुणीही कुणालाही रस्त्यात गाठून बोलू शकतो. चौथा विषय निघाला की माणूस बावचळतो. मी मानसशास्त्रात एम.ए. करते. म्हणजे मी स्वतःच हा चौथा विषय आहे.

ही बातमी कानावर पडली की लोकांचे ताबडतोब तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार निरुपद्रवी. तो डोळे बारीक करून म्हणतो, "असं व्हय? मग सांग बरं, माझ्या मनात आत्ता काय चाललंय?" दुपारी साडेबाराला विचारणाऱ्याच्या मनात भाकरी असते आणि संध्याकाळी पाचला चहा. या शास्त्रावर गंजगोलाईत माझी बरीच ख्याती झाली आहे. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, पण एकाही रस्त्याने अजून वेगळं मन आलेलं नाही.

दुसरा प्रकार अर्धं पाऊल मागे सरकतो, आजूबाजूला बघतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "आमच्या साडूचं जरा... म्हणजे तसं काही नाही. पण तसंच." यापुढे काही सांगत नाही. सांगितलं तर साडूची बदनामी, न सांगितलं तर साडूचे हाल, अशा कात्रीत तो निघून जातो आणि पुढच्या वेळी मला बघून रस्ता ओलांडतो.

तिसरा प्रकार मात्र घातक. "त्यात शिकायचं काय? आम्ही माणूस चालत आला की ओळखतो." हे वाक्य मला ज्या गृहस्थांनी ऐकवलं, त्यांनी गेल्या दोन वर्षांत तीन भिशीवाल्यांकडे पैसे बुडवले आहेत. तिघेही चालतच आले होते.

यात आणखी एक पोटप्रकार, तो म्हणजे मला बघायला येणारी मंडळी. मुलाच्या मावशींनी सुशीलाची प्लेट हातात धरून माझ्या आईला विचारलं, "म्हणजे मुलगी घरात सगळ्यांच्या मनातलं ओळखणार का?" आई घाईघाईने म्हणाली, "नाही हो, अजून पहिल्याच वर्षाला आहे." मंडळींना हायसं वाटलं. ज्यांना इतकं हायसं वाटतं त्यांच्या मनात काय होतं, हे ओळखायला दुसऱ्या वर्षापर्यंत थांबायची गरज नव्हती.

आता माझा दिनक्रम. लायप्झिगला 1879 साली व्हिल्हेल्म वुंटने मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून या शास्त्राला जिवंत माणसं लागतात. रसायनशास्त्राच्या पोराला बाटलीतलं आम्ल पुरतं. मला 'प्रयुक्त' लागतो. प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो इसम. लातुरात गोडं पाणी मिळेल, पण रिकामा प्रयुक्त मिळत नाही. म्हणून मी घरातल्यांनाच धरते. म्युलर-लायरचा प्रसिद्ध भ्रम आहे: दोन रेघा अगदी सारख्या लांबीच्या, पण टोकांना बाण वेगवेगळ्या दिशांनी काढले की एक लांब दिसते. मी तो आमच्या काकांना दाखवला. पट्टीने मोजूनही दाखवला. काका बराच वेळ कागद बघत राहिले आणि म्हणाले, "याच्यावर तर आमची केस चालूय. दोन्ही तुकडे सारखेच हैत, पर भावाचा लांब दिसतो." दीडशे पानी पुस्तकात जे मला नीट कळलं नव्हतं, ते काकांच्या बांधावर कळलं.

पण एका गोष्टीची मला गंमत वाटायची, ती आता वाटेनाशी झाली आहे. कोणतीही चाचणी घेतली की आमच्या गावचा प्रयुक्त शेवटी एकच प्रश्न विचारतो: "बरोबर उत्तर काय?" रोर्शाखचे शाईचे डाग दाखवले. 1921 पासून जगभर लोक त्या दहा चित्रांत फुलपाखरं, वटवाघळं, नाचणारी माणसं बघत आले आहेत. शेजारच्या काकूंनी दोनच डाग बघितले आणि म्हणाल्या, "आधी तू सांग, बाकीच्यांनी काय सांगितलंय." स्वभावाची प्रश्नावली दिली तर लोक परत देताना विचारतात, किती पडले? मी म्हणते, काकू, यात मार्क नसतात. काकू समजुतीने म्हणतात, "असू दे. कमी पडले तरी सांग."

हा दोष काकूंचा नाही, गावाच्या हवेचा आहे. बोर्डाची गुणवत्ता यादी निघत होती तेव्हा आमच्या गावची नावं तिच्यात ओळीने लागत. त्यावरून 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर गेला. यादी बंद झाली, पॅटर्न राहिला. आता परभणी, हिंगोली, नांदेड, सोलापूरकडची सोळा-सतरा वर्षांची लेकरं ट्रंक आणि गादी घेऊन इथे येतात. ट्यूशन एरियात पोरांच्या फोटोंचे फलक लागतात, ते निवडणुकीतल्या उमेदवारांना लाजवतील एवढे मोठे. 'नीट'चे 180 प्रश्न, 720 मार्क. बरोबरला चार मिळतात, चुकलं तर एक कापतात. या हिशोबात दोन-तीन वर्षं काढलेल्या मुलाला असा प्रश्नच माहीत राहत नाही, ज्याचं उत्तर छापलेलं नसतं.

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर सहा कॉट आहेत. लातुरात घर बांधताना आधी जिना काढतात आणि मग स्वयंपाकघर, त्यातलंच आमचं. तिथल्या एका मुलाला मी प्रयुक्त केलं. प्रश्न होता: गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी लागली? खाली चार पर्याय. पोरगं पेन धरून बसलं. मग म्हणालं, "ताई, आन्सर की आहे का?" मी हसले. "निगेटिव्ह मार्किंग?" मी आणखी हसले. मग त्याने अगदी मनापासून विचारलं, "ज्याला डॉक्टर व्हायचंय त्यानं कोणतं लिहायला पाहिजे?"

आता माझं म्हणणं सांगते. ज्या गावाने पोरांना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पाठ करून घेतलं, त्या गावाने 'कसा आहेस?' या प्रश्नाचंही उत्तर पाठ करून घेतलं आहे. उत्तर: 'मजेत.' बाप फोनवर विचारतो, मेसवाल्या मावशी वाढताना विचारतात, सर पाठीवर थाप मारून विचारतात आणि पोरगं चार मार्क खिशात टाकतं. ही फसवणूक पोराची नाही. आपण विचारतोच अशा बेताने, की दुसरं उत्तर आलं तर आपली पंचाईत व्हावी.

आणि दुसरं उत्तर आलंच, तर आपल्याकडे औषधांची पेटी तयार असते. मनाला लावून घेऊ नको. मन घट्ट कर. मोबाईल कमी कर. सकाळी लवकर उठ. मुलगी असेल तर लग्न करून टाका, मुलगा असेल तर आधी नोकरी बघा आणि मग लग्न करून टाका. मी विचारते, हेच न्यायाने पाण्याला का लावलं नाही? 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरचे नळ कोरडे पडले, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. स्टेशनवर टँकर घेऊन उभ्या राहिलेल्या कुणालाही 'तहान मनाला लावून घेऊ नका' असा उपदेश कुणी केला नाही. घशाला कोरड पडली तर आगगाडी, आणि मनाला कोरड पडली तर सुविचार, हा कुठला हिशोब?

माझा खरा राग आहे तो व्याख्यानांवर. वर्षातून एकदा सभागृह घेतात, दिवे मंद करतात, मागे बासरी लावतात आणि एक वक्ता माइकवरून सांगू लागतो, "डोळे मिटा. तुमच्या बापाच्या पायातली फाटकी चप्पल आठवा." पाचशे पोरं हमसून हमसून रडतात. पालकही रडतात. आयोजकांना वाटतं, काय परिणाम साधला! अहो, ज्याच्या बापाने दोन एकर गहाण टाकून फी भरली आहे, त्याला ती चप्पल आठवायला बासरी लागत नाही. त्याला ती रात्री दोन वाजताही दिसते. म्हणून तर तो झोपत नाही. पाचशे मुलांना एकदम रडवणं सोपं आहे. त्यातल्या एकाला उद्या दुपारी बोलावून अर्धा तास ऐकून घेणं अवघड, कारण त्याला टाळ्या पडत नाहीत.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," हे तिसऱ्या प्रकारच्या गृहस्थांचं ठेवणीतलं अस्त्र. होतं. आमच्या गल्लीत एक आजी आहेत, औशाकडच्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक गाढ झोपले होते. आजींचं घर पडलं, घरातली माणसं गेली. पुढे बावन्न गावं नव्याने वसवली, आजींनाही घर मिळालं. पुढे त्या लेकीकडे लातुरात आल्या. पण इतकी वर्षं झाली, त्या स्लॅबखाली झोपत नाहीत. थंडीतसुद्धा अंगणात खाट टाकतात. घरचे कौतुकाने सांगतात, "आजीला मोकळ्या हवेची सवय आहे." पडलेल्या घराचा पंचनामा होतो. मोडलेल्या झोपेला आपण सवय म्हणतो आणि फाइल बंद करतो. तुमच्या वेळी सगळं होतं, काका. फक्त त्याला नाव नव्हतं आणि रकाना नव्हता.

बरं, मन हा विषय आम्हाला परका आहे असंही नाही. ज्याने मनालाच समोर बसवून 205 श्लोक ऐकवले, ते समर्थ रामदास जांबचे, म्हणजे आमच्याच मराठवाड्यातले. मनाला उपदेश करण्यात आमचा हात धरणारा कुणी नाही. मनाचं ऐकायची वेळ आली की मात्र पंचाईत. राज्यातली जुनी चार मोठी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात एकही नव्हतं. जणू आमचा डोकं फिरण्याचा अनुशेषही सरकारने शिल्लक ठेवला होता!

कायदे मात्र आले आहेत. 2017 च्या कायद्याने मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा हक्क ठरवला. 2022 च्या ऑक्टोबरपासून 14416 हा फुकटचा सरकारी फोन आहे, चोवीस तास, आणि तो मराठीतही बोलतो. त्याच वर्षी देशात तेरा हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला आला. पहिला नंबर आला की आपण फलक लावतो. हा कुणी लावला नाही. मग जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. कोचिंगवाल्यांनाही बजावलं की मार्कांवरून तुकड्या पाडू नका, चारचौघांत पोरांचा पाणउतारा करू नका. एका ठिकाणी याची अंमलबजावणी मी बघून आले. खोलीवर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी होती. आत दोन फुटके कॅरमबोर्ड, एक वजनकाटा आणि गेल्या वर्षीचे फलक. मी विचारलं, समुपदेशक कुठायत? शिपाई म्हणाला, "खेळाचे सर बघतात ते. सध्या ग्राउंडवर हैत. काय टेन्शन आलं आसंल तर धा राउंड मारायला लावतेत."

माझं मागणं फार नाही. हजारो लेकरं सांभाळायचा धंदा ज्या गावाने पत्करला आहे, त्याने भौतिकशास्त्राला जेवढा पगार मोजतो त्याच्या निम्मा तरी शिकलेल्या समुपदेशकाला मोजावा, आणि त्याला तोंड मिटून ऐकता येतं का, ते आधी बघावं. यात माझा स्वार्थ आहे हे उघडच आहे. दोन वर्षांनी मलाही नोकरी लागणार आहे. पण डॉक्टरांनी पेशंटविषयी बोललं तर आपण त्याला स्वार्थ म्हणत नाही, मग मलाच का वगळता?

तोवर एक काम बिनखर्चाचं. आज रात्री पोरगं ताटावर बसलं, किंवा लांब असेल तर फोनवर आलं, की मार्क सोडून काहीतरी विचारा. पहिलं उत्तर येईल, "काही नाही." ते बरोबर धरू नका, चूकही धरू नका. फक्त ताटावरून उठू नका. दुसरी भाकरी वाढा आणि गप्प बसा. लातूरकराला दोन मिनिटं गप्प बसणं जड जाईल, पण करून बघा. आणि नंतर मला येऊन विचारू नका, किती पडले म्हणून.