पिनेचा पंक्तिप्रपंच

पाडव्याच्या मुहूर्तावर घरात एखादी वस्तू आणावी, अशी आपल्याकडची रीत आहे. पूर्वी या मुहूर्तावर सोन्याचे वळे किंवा शिवणयंत्र येत असे. आता मुलाच्या नाहीतर सुनेच्या नावाने लॅपटॉप येतो. खरेदीला सगळे कुटुंब जाते. वडील किंमत विचारतात, चिरंजीव मेमरी विचारतात, कन्या रंग विचारते आणि आई 'वॉरंटी किती वर्षांची?' असा त्यातल्या त्यात शहाणपणाचा प्रश्न विचारते. परंतु एक प्रश्न त्या दुकानात बहुधा कोणीच विचारीत नाही. तो असा की, या यंत्राला वीज पाजणारी पिन कोणत्या जातीची आहे?

फराळाच्या ताटावर बसलेल्या वाचकांपुढे पिनेचे पुराण लावणे हे रसिकतेचे लक्षण नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरीही ते मी लावणार आहे. कारण या चिमूटभर वस्तूच्या आकारावरून आपल्यावर जो अन्याय झाला, तो आपण इतका मुकाट्याने सोसला की, त्याला अन्याय म्हणतात याचाच आपल्याला विसर पडला.

वस्तुतः लॅपटॉपची भूक अगदी साधी. भिंतीतून येते ती २३० व्होल्टची, सेकंदाला पन्नास आवर्तने घेणारी वीज. अडॅप्टर नावाचा काळा ठोकळा ती घेतो आणि एकाच दिशेने वाहणारी, कमी दाबाची करून यंत्राला देतो. गोल पिनेच्या काळातले बहुतेक लॅपटॉप १८.५, १९, १९.५ किंवा २० व्होल्ट मागत. म्हणजे एका आईच्या चार मुलांच्या भुकेत जेवढा फरक असावा तेवढाच हा फरक. असे असता त्यांची तोंडे मात्र पाहा! कोणाची पिन साडेपाच मिलिमीटर जाड, कोणाची ७.४, कोणाची ४.५, कोणाची ४, तर कोणाची अवघी ३. एकाने तर गोलाचा कंटाळा येऊन ती आयताकृती केली. ही विविधता विजेला नको होती, यंत्राला नको होती, आणि गिऱ्हाइकाला तर मुळीच नको होती. मग ती हवी होती कोणाला? ज्याला आपला अडॅप्टर पुन्हा विकायचा होता त्याला.

काही कंपन्या याही पुढे गेल्या. त्यांनी गोल पिनेच्या पोटात एक बारीक सुई बसवली. त्या सुईतून अडॅप्टर आपली ओळख सांगतो. ओळख पटली नाही तर व्होल्ट तेच, अँपिअर तेच असूनही यंत्र बॅटरी भरून घेत नाही. याचे समर्थन असे करतात की, समोरचा ठोकळा किती वॉट देऊ शकतो हे यंत्राला कळले पाहिजे, नाहीतर ठोकळा तापेल. बरोबर आहे, प्रश्न रास्त आहे. परंतु तो प्रत्येकाने आपापल्या गुप्त भाषेत का विचारावा? पाहुण्याला 'जेवलात का?' असे विचारण्यासाठी घरोघर निराळी सांकेतिक लिपी लागत नाही.

आता हा पंक्तिप्रपंच कोणाला जाचतो ते सांगतो. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला तो जाचत नाही. तो नवा अडॅप्टर घेतो आणि विसरतो. जाचतो तो जुने यंत्र घेणाऱ्याला. आमच्या शाळेला एका कंपनीने आपले वापरलेले लॅपटॉप दिले. आठ यंत्रे आली, अडॅप्टर पाच आले, आणि त्या पाचांतले दोन आठांपैकी एकालाही लागेनात. तीन यंत्रे सुरू झाली, पाच कपाटात गेली. ती पाच बिघडलेली नव्हती. ती उपाशी होती. वर्गातल्या एका मुलीने मला विचारले, "सर, या तीन चार्जरांनी आठही आळीपाळीने का नाही चालवायची?" प्रश्न बिनतोड होता. त्याला शास्त्रात उत्तर नव्हते, फक्त व्यापारात होते.

आणि ही गोष्ट एका शाळेची नव्हे. तालुक्याच्या गावी जाऊन पाहा. तिथल्या मुलाच्या हाती येणारा लॅपटॉप बहुधा शहरातल्या कचेरीतून निवृत्त होऊन आलेला असतो. त्याचा मूळ अडॅप्टर वाटेत कुठेतरी हरवलेला असतो. नाहीतर तारेला मानेपाशी चिकटपट्टीचे बँडेज असते. परीक्षेच्या आठवड्यात ती तार तुटली की दुकानदार म्हणतो, "ही पिन आपल्याकडे नाही, मागवावी लागेल." मागवलेला मूळ अडॅप्टर परवडत नाही, आणि परवडतो तो नकली. नकली ठोकळा तापतो, वितळतो, प्रसंगी यंत्रालाही घेऊन जातो. ज्याला सर्वांत कमी परवडते त्यालाच सर्वांत धोक्याची वस्तू घ्यायला लावणारी ही व्यवस्था आहे.

वजनमापांच्या बाबतीत हे आपण पूर्वी भोगले आहे. एका बाजारातला शेर दुसऱ्या बाजाराच्या शेराशी जुळत नसे, एकीकडची पायली दुसरीकडे खरी ठरत नसे, आणि या गोंधळात शहाणा व्यापारी फुगत असे व अडाणी शेतकरी बुडत असे. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि किलो-लिटर आले. तेव्हाही 'आता आमच्या परंपरेचे कसे होणार?' म्हणून गळे काढणारे होतेच. रेल्वेचेही तेच. मुंबईहून येणारी गाडी १६७६ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून कुर्डुवाडीला येई, आणि तिथून पंढरपूरला जायचे तर ७६२ मिलिमीटरच्या अरुंद रुळांवरची बार्शी लाईटची गाडी धरावी लागे. वारकऱ्याने बोचकी उतरवायची, फलाट गाठायचा, पुन्हा बोचकी चढवायची. विठ्ठल एकच, वारकरी एकच; रूळ मात्र दोन! आता तो मार्गही रुंद झाला. कोणाची भक्ती त्यामुळे उणावल्याचे ऐकिवात नाही.

कोणी म्हणेल, सक्ती कशाला? कंपन्या शहाण्या आहेत, आपसांत ठरवतील. या आशेचा निकाल इतिहासाने लावून ठेवला आहे. २००९ साली युरोपात मोबाइलच्या कंपन्यांनी स्वखुशीचा करार केला. त्याने सुमारे तीस प्रकारच्या चार्जरांचे तीन प्रकार झाले, हे खरे. परंतु करारात जोडतुकड्याची पळवाट होती, आणि २०१२ मध्ये ॲपलने लाइटनिंग नावाचे आपले नवे खासगी तोंड बाजारात आणले. लॅपटॉपांसाठीही आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने, म्हणजे आयईसीने, २०१४ साली एका सामाईक अडॅप्टरचा तपशील प्रसिद्ध केला. किती लॅपटॉपांनी तो पाळला? तुमच्या घरातले जुने अडॅप्टर एका ओळीत मांडा, उत्तर मिळेल.

त्याच २०१४ च्या ऑगस्टमध्ये टाइप-सी या तोंडाचा आराखडा प्रसिद्ध झाला. चोवीस संपर्कबिंदूंचे हे चिमुकले तोंड उलटे घाला, सुलटे घाला, बसते. त्याची रीतही सभ्य आहे. जोडणी झाली की प्रथम फक्त ५ व्होल्ट येतात. मग चार्जर आपल्या पदार्थांची यादी वाचतो, 'माझ्यापाशी ५, ९, १५ आणि २० व्होल्ट आहेत'. यंत्र म्हणते, 'मला २० वाढा'. आणि मगच २० येतात. गुप्त सुईने जे काम खासगीत चालत होते तेच इथे चारचौघांत, सर्वांना समजणाऱ्या भाषेत चालते. ही रीत आरंभी १०० वॉटपर्यंत पोचत होती. २०२१ मध्ये तिची मर्यादा २४० वॉटपर्यंत वाढली. घरगुती लॅपटॉपाला ४५ ते ६५ वॉट पुष्कळ होतात. म्हणजे साधन उपलब्ध होते. नव्हती ती इच्छा.

ती इच्छा शेवटी कायद्याने उत्पन्न केली. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेने ६०२ विरुद्ध १३ मतांनी सामाईक चार्जरचा कायदा संमत केला. मोबाइल, टॅब्लेट, कॅमेरे यांच्यासाठी २८ डिसेंबर २०२४ आणि लॅपटॉपांसाठी २८ एप्रिल २०२६ अशा तारखा ठरल्या. आणि चमत्कार पाहा, ज्या ॲपलने अकरा वर्षे आपले लाइटनिंग सोडले नव्हते, तिच्या सप्टेंबर २०२३ च्या आयफोनला टाइप-सी तोंड फुटले! कायद्याच्या नुसत्या चाहुलीने जे झाले, ते विनवण्यांनी झाले नव्हते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, सक्तीने संशोधन खुंटते. हा आक्षेप घेणाऱ्याने आपल्या घराच्या भिंतीकडे पाहावे. तिथे तीन भोकांचे सॉकेट आहे. त्याच सॉकेटातून आधी इस्त्री आली, मग मिक्सर, मग दूरदर्शन संच, मग संगणक. सॉकेट ठरलेले होते म्हणूनच कारखानदारांना आपली बुद्धी सॉकेटावर न दवडता यंत्रावर खर्च करता आली. त्यातही लहान व मोठी, ६ आणि १६ अँपिअरची, अशी दोन सॉकेटे आहेत; परंतु तो भेद भुकेचा आहे, घराण्याचा नाही. 'अमुक कंपनीच्या फ्रिजला अमुक कंपनीचेच सॉकेट' असे कोणी म्हणाले असते, तर आपण त्याला उंबऱ्याबाहेर काढला असता.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. खासगी पिनांत सर्वच लबाडी होती असे नाही. ॲपलनेच २००६ मध्ये लोहचुंबकाची पिन काढली. तारेत पाय अडकला तर पिन अलगद सुटते आणि लॅपटॉप टेबलावरच राहतो. कल्पना उत्तम होती. २०१६ च्या सुमारास ती काढून टाकली, २०२१ मध्ये परत आणली. परंतु परत आणताना टाइप-सीचे तोंडही शेजारी कायम ठेवले. हेच तर आम्ही म्हणतो! युरोपचा कायदाही दुसरे तोंड ठेवायला मनाई करीत नाही; सामाईक तोंड असलेच पाहिजे, एवढेच सांगतो. आपले खास पक्वान्न अवश्य वाढा, पण आधी वरणभात सर्वांच्या पानात पडू द्या.

परंतु भोक एक झाले म्हणजे सारे झाले, या भ्रमात राहणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. आज सोंग एक आणि अंतरंगे अनेक, अशी नवी फसवणूक सुरू आहे. दोन तारा दिसायला जुळ्या बहिणी. एक ६० वॉट नेते, दुसरी २४०. तीन अँपिअरहून जास्त प्रवाह नेणाऱ्या तारेत आपली कुवत सांगणारी चिप असावी लागते. ती आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलचा २० वॉटचा चार्जर लॅपटॉपाला लावला तर पिन बसते, परंतु बॅटरी मुंगीच्या पावलाने भरते, किंवा यंत्र तो नाकारते. तारांवर ६० आणि २४० वॉटची चिन्हे छापण्याची सोय २०२१ मध्ये झाली आहे. रस्त्यावरच्या गाडीवर टांगलेल्या तारेवर ती शोधून दाखवा. आकार जुळला आणि शब्द लपवला, तर जुन्या लबाडीने नुसता सदरा बदलला असे होईल.

आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचे मानक जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले, ही आनंदाची गोष्ट. परंतु मानक छापणे निराळे आणि ते पाळायला लावणे निराळे. माझ्या मागण्या तीन आहेत. इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपाला, त्याची भूक २४० वॉटच्या आत असेल तर, टाइप-सीने वीज घेता आलीच पाहिजे. प्रत्येक चार्जरवर आणि प्रत्येक तारेवर तिचे वॉट चष्मा न लावता वाचता येतील एवढ्या अक्षरांत छापले पाहिजेत. आणि ते तोंड मुख्य पाटीवर कायमचे डाखलेले नसावे, तर सुट्या तुकड्यावर असावे. कारण एकाच तोंडाने वीज, चित्र आणि माहिती अशी तिन्ही कामे करायची म्हटल्यावर ते आधी झिजणार, आणि झिजलेल्या तोंडासाठी अख्खी पाटी बदलायला लावणे ही पुन्हा तीच लूट होईल.

हे फक्त खिशाचे प्रकरण नाही. टाकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरांचा युरोपातला कचरा वर्षाला सुमारे ११,००० टन भरतो, असा तिथल्या आयोगाचा अंदाज आहे. आपण नरकचतुर्दशीला पहाटे उठून अभ्यंगस्नान करतो, घराचा कानाकोपरा झाडतो. आणि खणातले मेलेले अडॅप्टर मात्र 'लागतील कधीतरी' म्हणून पुन्हा खणात ठेवतो. ते लागणार नाहीत. ते कोणाला लागू नयेत, अशाच बेताने बनवलेले होते.

तेव्हा वाचकहो, या पाडव्याला दुकानात गेलात तर तीन प्रश्न अवश्य विचारा. हा टाइप-सीने चार्ज होतो का? किती वॉट लागतात? आणि दुसऱ्या कंपनीचा तेवढ्याच वॉटचा चार्जर चालतो का? विक्रेता गोंधळला तर गोंधळू द्या. शंभर गिऱ्हाइकांनी विचारले की तो मालकाला विचारील, मालक कंपनीला विचारील, आणि कंपनीला उत्तर तयार ठेवावे लागेल. पंक्तीत वाढप्याने पान पाहून वाढायचे असते. पानावर बसलेल्याचे घराणे पाहून नव्हे.