भाकरी परत आली, ताट कोठे आहे?

व्यापाऱ्यास उपदेश केला तर तो हात जोडतो आणि हिशेब सांगितला तर कान देतो. म्हणून गुलमंडीच्या पेठेतील आमच्या वाचकांपुढे आजचा विषय आम्ही हिशेबाच्याच भाषेत मांडणार आहो. विषय अन्नाचा आहे. तो वैद्यांचा व बायकांचा म्हणून पुष्कळजण बाजूस सारतात. परंतु ज्या खात्यात रोज जमा-खर्च पडतो आणि ज्याची शिल्लक कोणी वर्षानुवर्षे पाहत नाही, असे खाते या पेठेत दुसरे कोणते आहे?

गुलमंडीतील दुकानदाराचा दिवस कसा जातो हे सर्वांस ठाऊक आहे. सकाळी दहाच्या सुमारास दुकान उघडावे, कचोरी अथवा पोहे उभ्या उभ्या खावे, गादीवर बसावे. दुपारचा डबा येतो तो नेमका गिऱ्हाइकांच्या गर्दीत, आणि तीन वाजता उघडतो तोपर्यंत निवालेला असतो. मध्ये चहा, व्यवहार जुळला की चहा, मोडला तरी चहा. सणासुदीस इमरती आहेच. रात्री साडेनऊ-दहाला दुकान बंद करून साडेदहाला भरपेट जेवावे आणि अंथरुणावर पडावे. चालणे म्हणाल तर गाडीपासून दुकानापर्यंत. या दिनक्रमात निष्काळजीपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. उलट यात कष्ट पुष्कळ आहेत. पण हे कष्ट बसून करावयाचे आहेत आणि खाणे मात्र नांगर धरणाऱ्याचे आहे.

आता हिशेब पाहू. एका पेल्यास दोन चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर धरली आणि दिवसास सहा पेले धरले, तर रोजची साठ ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जाते. वर्षाची ती जवळजवळ बावीस किलो भरते. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे की, वरून घातलेली साखर दिवसाकाठी पंचवीस ग्रॅमांच्या आसपास राहिली तर उत्तम. म्हणजे मिठाईचा तुकडा तोंडात पडण्यापूर्वीच आमच्या पेठेची उचल मर्यादेच्या दुपटीहून अधिक झालेली असते. कोणत्या सावकाराने अशी उचल मुकाट्याने चालू दिली असती?

वसुली कशी होते तेही ऐकावे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे आकडे १९२३ साली नव्हे, परवाच्या २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे देशात दहा कोटींहून अधिक माणसे मधुमेहाने ग्रस्त आहेत, आणि आणखी साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांमध्ये शेकडा प्रमाण ११.४ आहे, पण खेडी आणि शहरे वेगळी काढली तर खेड्यांत ते ८.९ व शहरांत १६.४ भरते. पुढच्या वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या आहारविषयक मार्गदर्शनात सांगितले की, देशातील एकूण रोगभारापैकी निम्म्याहून अधिक, शेकडा ५६.४ इतका भार सदोष आहारामुळे आहे. शहरातील माणूस खेड्यातील माणसाहून अधिक कमावतो, अधिक खातो, आणि याच एका रोगात त्याच्या पुढे जातो.

यावर अलीकडे एक उपाय फार बोलला जातो. तो म्हणजे ज्वारीची भाकरी. २०१८ साली सरकारने ज्वारी, बाजरी, नाचणी यांस भरड धान्ये न म्हणता पौष्टिक तृणधान्ये म्हणावे असे ठरविले. पुढे भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे साल या धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून भाकरीस प्रतिष्ठा आली. आम्हांस याचा आनंदच आहे. पण या प्रतिष्ठेकडे पाहून थोडे हसूही येते. जी भाकरी मराठवाड्याचे रोजचे अन्न होती, तीस 'भरड' हे नाव ठेवणारे आम्हीच, पाहुणा आला म्हणजे ती झाकून पोळी वाढणारेही आम्हीच. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी ज्यांनी रांगेत उभे राहून नेली, त्यांच्या मनात ज्वारी आणि दैन्य यांची गाठ बसली ती सुटली नाही. पुढे शिधापत्रिकेवर गहू व तांदूळ स्वस्त मिळू लागले, शेतात कापूस आणि मका आला, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद असूनही गरिबाच्या पिशवीत मुख्यतः गहू-तांदूळच पडत राहिले. अशा रीतीने गरीब ज्वारीवरून गव्हावर आला, आणि आता श्रीमंत डॉक्टरांच्या सांगण्यावरून गव्हावरून ज्वारीवर चालला आहे. मोंढ्यात अनेकदा ज्वारीचा भाव गव्हाच्या वर गेलेला व्यापाऱ्यांनी स्वतःच पाहिला आहे.

परंतु ज्वारीस औषध समजणे ही आमच्या मते नवी चूक आहे. ज्वारीच्या पिठात व सबंध गव्हाच्या कणकेत चोथ्याच्या दृष्टीने म्हणण्यासारखे अंतर नाही. दोहोंत शंभर ग्रॅमांस दहा-अकरा ग्रॅम चोथा असतो. अंतर आहे ते मैद्यात. तेथे हा आकडा तीन ग्रॅमांच्याही खाली येतो. म्हणून घरच्या कणकेची पोळी खाणाऱ्यावर आमचा रोष नाही. रोष आहे तो खारी, टोस्ट, बिस्किटे, नानकटाई आणि कचोरी या सकाळ-संध्याकाळच्या मैद्यावर. आपल्या शहरातील पाणचक्कीत एके काळी पाण्याच्या जोराने जाते फिरून दर्ग्यातील फकिरांसाठी व वाटसरूंसाठी धान्य दळले जाई. त्या जात्याखालून कोंडा आणि पीठ एकत्रच बाहेर पडत असणार. फकिरांस मिळाले ते आमच्या शेठजींच्या नाश्त्यास मिळत नाही, एवढी प्रगती आम्ही केली आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेतील विख्यात संशोधक डॉ. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास दख्खनमधील ज्वारी खाणाऱ्या लोकांत पेलाग्रा नावाचा रोग पाहिला. या रोगात उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून खरखरीत होते, जुलाब लागतात, आणि मनावरही परिणाम होतो. ज्वारीतील ल्यूसीन या घटकाच्या आधिक्यामुळे नायसिन या जीवनसत्त्वाचा शरीरास उपयोग नीट होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या कारणाविषयी पुढे वाद झाले. पण रोगी कोण होते याविषयी वाद नाही. ते दरिद्री शेतमजूर होते, आणि त्यांच्या जेवणात ज्वारीशिवाय जवळजवळ काहीच नव्हते. ज्याच्या ताटात भाकरीबरोबर डाळ, भाजी व ताक होते त्यास हीच ज्वारी बाधली नाही. धान्य तेच, ताट निराळे.

हीच गोष्ट त्यापूर्वी मॅक्कॅरिसन या ब्रिटिश डॉक्टराने उंदरांवर प्रयोग करून दाखविली होती. ज्या संशोधनशाळेतून आजची पोषण संस्था वाढली, ती त्याने १९१८ साली कुन्नूर येथे सुरू केली. हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांचे आहार त्याने उंदरांच्या निरनिराळ्या टोळ्यांस खाऊ घातले. सबंध गव्हाची रोटी, दूध, लोणी, डाळी व कच्च्या भाज्या हा शिखांचा आहार ज्यांस मिळाला ते उंदीर सर्वांत धडधाकट निघाले. मग त्याने विलायतेतील गरीब लोकांचे खाणेही एका टोळीस देऊन पाहिले: पांढरा पाव, मार्गारीन, साखरेचा चहा, डब्यातले मांस, मुरंबा. ते उंदीर खुरटले, आणि काही आठवड्यांनी एकमेकांस मारून खाऊ लागले. पेठेतील वाचकांनी चहा, टोस्ट आणि दुपारच्या वेळचा आपला स्वभाव यांचा मेळ स्वतःच घालून पाहावा.

तेव्हा प्रश्न भाकरीचा नसून भाकरीभोवतीच्या ताटाचा आहे. ते ताट आपल्या आज्यांस चांगले माहीत होते. अंबाडीची भाजी व कण्या, शेपू, तांदुळजा, घोळ, करडईची कोवळी भाजी. जवसाची, कारळाची, शेंगदाण्याची चटणी. वरण अथवा मोड आलेली मटकी. कच्चा कांदा, मुळा, लिंबाची फोड, वाटीभर ताक. भोगीस तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि गाजर, वाटाणा, पावटा, हरभरा, वांगे यांची मिसळीची भाजी, पौषात हुरडा. हे सारे औरंगपुऱ्याच्या मंडईत आजही मिळते, आणि दुकानातील एका दिवसाच्या चहा-कचोरीच्या पैशांत घरास पुरेल इतकी पालेभाजी येते. फळे व भाज्या मिळून माणशी रोज चारशे ग्रॅम पोटात जाव्या, आणि त्यांत बटाटा धरू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ज्या घरात भाजी म्हणजे पोळीस लावण्यापुरता बटाट्याचा रस्सा, त्या घराने हा आकडा एकदा तागडीत घालून पाहावा. मिठाची मर्यादा पाच ग्रॅमांची आहे. लोणचे, पापड, फरसाण यांच्या राज्यात ती कोठे राहत असेल?

येथवर पुरुषांविषयी झाले. आता जी गोष्ट सांगावयाची आहे ती पुष्कळांस रुचणार नाही. पेठेतला पुरुष साडेदहाला जेवतो, म्हणून त्याच्या घरातील स्त्री अकराला जेवते. मुलांचे, सासू-सासऱ्यांचे, धन्याचे झाल्यावर पातेल्यात जे उरते ते तिचे. पालेभाजी बहुधा संपलेली असते. भाकरी सकाळची असते. ज्या भाकरीच्या पुनरागमनाचा एवढा गौरव चालला आहे ती परातीत मळून, थापून, तव्यावर पाणी फिरवून भाजण्याचे कष्ट तिचे, आणि गरम भाकरी मात्र कधीच तिच्या वाट्यास येत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४.२ स्त्रियांच्या रक्तात लोहादिकांची उणीव, म्हणजे पंडुरोग, आढळला. हा आकडा केवळ खेड्यापाड्यांचा किंवा झोपड्यांचा आहे असे समजून कोणी निश्चिंत होऊ नये. तिजोरी भरलेली आणि घरची लक्ष्मी रक्तहीन, ही स्थिती माडीच्या घरांतही आहे.

त्यात उपवासांची भर. आठवड्यास एक-दोन वार, एकादशी, चतुर्थी, नवरात्र. आणि त्या दिवशी आहार साबुदाणा व बटाटा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आमच्या पूर्वजांनी तो स्वप्नातही पाहिला नव्हता. त्यात पिष्टाखेरीज फारसे काही नाही. परदेशचा कंद उपवासास पवित्र ठरला आणि शेतातली ज्वारी वर्ज्य झाली, हे कोणत्या शास्त्रात बसते ते शास्त्री जाणोत. व्रत सोडा असे आम्ही म्हणत नाही. पण राजगिरा, दाणे, दूध, फळे याच उपवासात चालतात, आणि राजगिऱ्यात लोह व प्रथिने दोन्ही आहेत. तसेच जेवणाबरोबर अथवा जेवताच चहा घेतल्याने अन्नातील लोह अंगी लागत नाही, आणि लिंबू किंवा आवळा असला तर ते अधिक लागते. यास पैसा पडत नाही.

कोणी म्हणेल, घरात बाईस आधी जेवू नको म्हणून कोणी अडविले आहे? खरे आहे, कोणी अडविले नाही. पण कोणी बसविलेही नाही. रूढी तोंडाने बोलत नाही, ती जेवणाच्या वेळेतून बोलते. धनी घरी येईपर्यंत घराने थांबायचे आणि धन्याने शेवटचे गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबायचे, अशी ही साखळी आहे. तेव्हा दुरुस्ती स्वयंपाकघरात नव्हे, दुकानाच्या फळ्यांपाशी सुरू झाली पाहिजे.

यास पेठेतील अडचण अशी सांगण्यात येते की, एकट्याने दुकान लवकर बंद केले तर गिऱ्हाईक शेजारी जाते. पण याच पेठेत कित्येक जैन व्यापारी सूर्यास्तापूर्वी जेवून घेतात. कोणी घरी जाऊन येतो, कोणी डबा मागवितो. त्यांपैकी कोणाचे या कारणाने दिवाळे निघाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्यांचा हेतू धर्माचा आहे हे खरे. पण पोटास हेतू समजत नाही, वेळ समजते. शेजाऱ्याचा मुनीम आणि दिवाळीची सजावट यांचे अनुकरण करण्यास आम्ही लाजत नाही, मग त्याच्या जेवणाच्या वेळेचे करण्यास संकोच का?

आमची सूचना थोडी आहे. एका ओळीतील दहा-पंधरा दुकानदारांनी एकत्र बसून साडेआठची वेळ ठरवावी. सणाचे पंधरा दिवस वगळावे. ते न जमल्यास घरातील दोघे दुकानात असतात तेथे पाळीने आठ वाजता जेवावयास जावे, आणि नोकरांसही तेवढीच मोकळीक द्यावी, कारण त्यांचीही घरे आहेत आणि तेथेही कोणी वाट पाहत असते. पैठण गेटापर्यंतचे अंतर पायी काटावे. दुकानातील चहाचा पेला अर्धा करावा व साखर एक चमचा करावी. गिऱ्हाइकास भाजलेले चणे अथवा दाणे पुढे केले तर व्यवहार मोडत नाही. आणि घरी गेल्यावर ज्या वेळी आपले पान वाढले जाईल त्याच वेळी घरातील बाईचेही वाढले गेले आहे की नाही, एवढे पाटावर बसण्यापूर्वी पाहावे. पाठीमागून गरम भाकरी कोण आणील, असा प्रश्न निघेल. पहिल्या आठवड्यात सर्वांनी जरा निवालेली खावी.