बिनतारी कुलूप आणि घराचा धनी

पुण्यामुंबईकडील नव्या इमारतींतून हिंडतांना हल्लीं एक गोष्ट सहज नजरेंत भरते. दारावर कडीकोयंडा नसतो, किल्लीचें भोंकही चटकन् दिसत नाहीं. त्याच्या जागीं काळ्या कांचेची एक पट्टी असते. तिजवर बोट टेकलें किंवा चार-सहा आंकडे दाबले कीं, आंतून यंत्र फिरल्याचा किंचित् आवाज होतो आणि दार उघडतें. हेंच तें बिनतारी कुलूप. दुकानदार त्यास ‘स्मार्ट लॉक’ म्हणतात. आमच्या कित्येक वाचकांच्या घरीं तें येऊन स्थिरावलें असेल. ज्यांच्या घरीं आलें नसेल, त्यांच्याकडे तें घ्यावें कीं न घ्यावें हा वाद तरी चालू असेल. ह्या वादांत तरुण मंडळी बहुधा सोयीकडे बोट दाखवितात आणि वडील मंडळी चोराकडे. दोन्ही पक्षांचें म्हणणें खरें आहे. पण ह्या दोहोंहून महत्त्वाची अशी एक तिसरी गोष्ट वादांत सहसा निघत नाहीं. तिचा विचार ह्या वेळीं करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कुलूप ही वस्तु आपल्याकडे जुनी खरी. परंतु घराच्या दर्शनी दाराला रोज कुलूप घालण्याची चाल तितकी जुनी नाहीं. वाड्यांत दहापांच बिऱ्हाडें नांदत, रात्रीं दिंडीदरवाजाला अडसर पडे, आणि दिवसां कोणी तरी आजी ओसरीवर वाती वळीत बसलेली असे. कुलूप लागे तें कोठीला आणि दागिन्यांच्या पेटीला. पुढें बिऱ्हाडें विभक्त झालीं, घरांत दोघेंच राहिलीं आणि दोघेंही कामावर जाऊं लागलीं, तेव्हां आजीचें काम कुलुपावर येऊन पडलें. अर्देशीर गोदरेज ह्यांनीं १८९७ सालीं मुंबईंत कुलुपें करण्यास आरंभ केला, आणि पुढें चांगलें देशी कुलूप मिळण्याची अडचण राहिली नाहीं. तरीही किल्ली हरवावयाची ती हरवेच. म्हणून दुसरी किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवण्याचा प्रघात पडला. सांगावयाचें तें इतकेंच कीं, नुसत्या लोखंडावर आपण कधींच सर्वस्वीं विसंबलों नाहीं. कुलुपाच्या पाठीशीं कोणी तरी विश्वासाचें माणूस नेहमींच होतें.

नव्या कुलुपाची रचना समजून घेतली म्हणजे त्याचे गुणदोष आपोआप ध्यानांत येतात. चौकटींत शिरणारा पोलादी खटका पूर्वींचाच. तो हाताऐवजीं एका लहानशा विजेच्या मोटारीनें सरकतो, एवढेंच. ह्या मोटारीस शक्ति मिळते ती बहुधा कुलुपांत बसविलेल्या सेलांपासून. तिला हुकूम देण्याचे मार्ग मात्र अनेक आहेत: बोटाचा ठसा, आंकडे, एखादें कार्ड किंवा मोबाइल. मोबाइल जवळ असल्यास ब्लूटूथच्या लहरींनीं काम भागतें. कुलूप घरच्या वाय-फायला जोडलेलें असल्यास हुकूम सातासमुद्रांपलीकडूनही येऊं शकतो. पण तो सामान्यतः कुलूप करणाऱ्या कंपनीच्या संगणकांच्या द्वारें येतो. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी.

सोयी खऱ्या आहेत, आणि त्या नाकारण्यांत शहाणपण नाहीं. शाळेंतून परतलेलें मूल आईची वाट पाहत जिन्यांत बसत नाहीं. स्वयंपाकाच्या बाईंस सकाळीं आठ ते दहा एवढ्याच वेळांत चालणारा आंकडा देतां येतो आणि त्यांनीं काम सोडल्यास तो रद्द करतां येतो. किल्लीची नक्कल झाली असेल काय, ही रुखरुख मनांत राहत नाहीं. कोणत्या आंकड्यानें दार केव्हां उघडलें ह्याची नोंद होते, आणि ती केवळ मालकाच्याच उपयोगी पडते असें नाहीं. घरांत एखादी वस्तु सांपडेनाशी झाली कीं, पहिला संशय कामाच्या बाईंवर घेण्याची एक लाजिरवाणी संवय आपल्या घरांना आहे. अशा वेळीं ती नोंद बाईंच्या बाजूची साक्षही होऊं शकते.

ह्याहून मोठा उपयोग आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत आम्हीं पाहिला आहे. नाना व माई ह्या दोघांनींही सत्तरी ओलांडलेली, चिरंजीव अमेरिकेंत. त्यानें मागील खेपेस येऊन दाराला हें कुलूप बसविलें, तेव्हां नानांनीं नाक मुरडलें होतें. पुढें एके दुपारीं माई बहिणीकडे गेल्या असतां नाना न्हाणीघरांत घसरून पडले. त्यांची हांक शेजाऱ्यांनीं ऐकिली, पण दार बंद. माईंचा फोन लागेना. शेजाऱ्यांनीं अमेरिकेस फोन लाविला. तेथें मध्यरात्र उलटून गेली होती. मुलानें अंथरुणांतूनच दार उघडून दिलें. शेजारी आंत शिरले आणि मांडीचें हाड मोडलेले नाना तासाभरांत रुग्णालयांत पोंचले. नानांनीं पुन्हा त्या कुलुपाविषयीं वांकडा शब्द काढिला नाहीं.

आतां दुसरी बाजू. प्रथम चोराची शंका घेऊं. उघडतांच येणार नाहीं असें कुलूप अद्याप झालेलें नाहीं. लंडनमध्यें जोसेफ ब्रामा ह्या कारागिराचें कुलूप आव्हानादाखल दुकानाच्या खिडकींत सुमारें साठ वर्षें मांडलेलें होतें. किल्लीवांचून तें उघडील त्यास २०० गिनींचें बक्षीस होतें. १८५१ सालच्या महाप्रदर्शनाच्या वेळीं हॉब्स नांवाच्या अमेरिकन कारागिरानें तें उघडून दाखविलें. १६ दिवसांत मिळून त्यास ५१ तास लागले. बिनतारी कुलुपांनाही त्यांचे हॉब्स भेटले आहेत. २०१६ सालीं अमेरिकेंत लास व्हेगास येथें भरलेल्या डेफकॉन परिषदेंत दोघा संशोधकांनीं आपल्या परीक्षेचा वृत्तांत सांगितला. ब्लूटूथवर चालणाऱ्या १६ कुलुपांपैकीं १२ त्यांस बिनतारी मार्गानें उघडतां आलीं होतीं. कांहीं कुलुपें तर आपला सांकेतिक शब्द उघड्या रूपांतच हवेंतून पाठवीत होतीं! २०२२ सालीं ब्रिटनमधील एनसीसी ग्रूपच्या एका संशोधकानें निराळीच युक्ति दाखविली. धन्याचा मोबाइल दूर असतांही त्याच्या लहरी मधल्या दोन यंत्रांकरवीं दारापर्यंत पोंचवावयाच्या, म्हणजे धनी दाराशींच उभा आहे अशी कुलुपाची समजूत होते. येथें एक भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. हॉब्सला त्या एका कुलुपापुढें ५१ तास खपावें लागलें. बिनतारी कुलुपांतील वैगुण्य एकदां उघडकीस आलें, कीं त्याच बनावटीचीं सगळीं कुलुपें एकदमच दुबळीं ठरतात.

तथापि, एवढ्यावरून घाबरून जाण्याचें कारण नाहीं. घरफोड्या करणारा सामान्य चोर लहरींचें शास्त्र शिकत बसत नाहीं. तो पहार घालून चौकट उचकटतो. पोकळ फळीच्या दारावर महागडें कुलूप बसविणें म्हणजे कच्च्या भिंतीला पोलादी दिंडी लावण्यासारखें आहे. प्रथम दार, बिजागऱ्या आणि चौकट मजबूत हवी. कुलुपाचा विचार त्यानंतरचा.

चोराहून अधिक काळजी आम्हांस वाटते ती परावलंबनाची. २०१७ सालीं अमेरिकेंतील लॉकस्टेट ह्या कंपनीनें आपल्या कुलुपांना दुरून एक सुधारणा पाठविली. ती चुकीची निघाली, आणि सुमारें ५०० कुलुपें आंकडे दाबून उघडेनाशीं झालीं. कोणी चोर आला नव्हता, कोणी दाराला हातही लाविला नव्हता. साध्या कुलुपाचा कारखाना बुडाला तरी आपली किल्ली चालतच राहते; बिनतारी कुलुपाच्या दुरून चालणाऱ्या सोयी कंपनी आपले संगणक चालवील तोंवरच्या आहेत. विजेविषयीं मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. सेलांवर चालणारें कुलूप वीज गेल्यानें अडून बसत नाहीं. बंद पडते ती दुरून दार उघडण्याची सोय. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ कोंकणांत शिरलें, तेव्हां रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील पुष्कळ गांवीं कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाइलही मुके झाले होते. अशा वेळीं परदेशच्या मुलाला घराचें दार उघडतां येत नाहीं. शेजारच्या काकूंकडील किल्ली मात्र उपयोगी पडते.

बोटाच्या ठशाचीही गोष्ट अशीच. वृद्धपणीं आणि कष्टाच्या कामानें बोटांवरील रेषा झिजतात. आजीला आपल्याच दारांत पांच वेळां अंगठा पुसावा लागतो. शिवाय आंकडा फुटला तर बदलतां येतो, बोट बदलतां येत नाहीं. २०१३ सालीं जर्मनीच्या केऑस कॉम्प्युटर क्लबनें कांचेवर उमटलेल्या ठशावरून कृत्रिम ठसा करून नव्या आयफोनला फसविलें होतें, हें येथें आठवावें.

आतां आरंभीं म्हटलेली तिसरी गोष्ट. तिच्यासाठीं पुन्हा नाना-माईंच्या घरीं गेलें पाहिजे. नाना बरे होऊन पहांटे फिरावयास जाऊं लागले, आणि मुलाचे फोन सुरू झाले. “आई, आज साडेपांचला दार उघडलं, नाना अंधारांत कां गेले?” “दुपारीं तीन तास घरीं कोणीच नव्हतं का?” दार उघडलें कीं त्याच्या मोबाइलवर वर्दी जात असे. मुलाच्या मनांत काळजीशिवाय दुसरें कांहीं नव्हतें. पण नानांनीं पहांटेचें फिरणें सोडून दिलें, आणि माई भजनाहून घरीं लवकर परतूं लागल्या. शेवटीं एके दिवशीं माई म्हणाल्या, “बाळ, तूं आमची काळजी करतोस हें आम्हांला पोंचतं. पण आमच्याच दारानं तुझ्याकडे आमची चहाडी करावी, हें कांहीं बरं नव्हे.”

ह्या वाक्यांत सगळा प्रश्न आला, असें आम्हांस वाटतें. बिनतारी कुलूप विश्वासाची गरज नाहींशी करीत नाहीं. तो विश्वास शेजारणीकडून काढून तें दूरच्या कंपनीकडे आणि घरांतील ज्या एका व्यक्तीच्या नांवें त्याचें खातें असेल तिच्याकडे सोंपवितें. ज्याचें खातें तो धनी. इतर सर्व त्याच्या परवानगीनें येणारे-जाणारे. नवरा-बायको, सासू-सून, घरमालक-भाडेकरू ह्यांच्यामध्यें ही सत्ता कोणाच्या हातीं जाते, हें खरेदीच्या वेळीं कोणी विचारीत नाहीं. न्यूयॉर्कमधील एका इमारतींत घरमालकानें असें कुलूप बसविलें, तेव्हां कांहीं भाडेकरू न्यायालयांत गेले. २०१९ सालीं तडजोड होऊन त्यांस नेहमींची किल्ली मिळाली. आपल्या घरांत असे प्रश्न न्यायालयांत जात नाहींत. ते मनांत राहतात, हेंच अधिक वाईट.

म्हणून घेणारांनीं कांहीं गोष्टी अवश्य पाळाव्या. जें माणूस त्या दारामागें राहतें, त्याच्याच नांवें मुख्य खातें असावें. इतरांस लागेल तेवढीच परवानगी त्यानें द्यावी. साध्या किल्लीनेंही उघडेल असेंच कुलूप घ्यावें आणि ती किल्ली घराबाहेर, विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवावी. घरांतील कपाटांत ठेवलेली किल्ली बाहेर अडकलेल्या माणसाच्या काय कामाची? आंतून दार नुसत्या हातानें, विजेवांचून, मुलासही उघडतां आलें पाहिजे. आगीच्या वेळीं आंकडे आठवत नाहींत. सेल संपत आल्याची सूचना मिळतांच ते बदलावे. आंकडा म्हणून जन्मसाल किंवा घराचा क्रमांक ठेवूं नये. कंपनी सुधारणा किती वर्षें पुरविणार, हें दुकानांतच विचारावें. आणि घर विकतांना किंवा भाड्याचें घर सोडतांना आपले ठसे व खातें त्यांतून पुसून टाकावें.

माईंच्या घरीं असेंच झालें. खातें आतां त्यांच्या नांवें आहे. मुलास अडचणीच्या वेळीं दार उघडण्याची मुभा त्यांनीं राखून ठेविली आहे. रोजच्या वर्द्या मात्र बंद केल्या आहेत. प्रारंभीं मुलास थोडें लागलें. पण आतां आईवडील कसे आहेत हें त्यास कळून घ्यावयाचें असेल, तर तो फोन करून त्यांनाच विचारतो. नानांचें पहांटेचें फिरणें पुन्हा सुरू झालें आहे.